वाळवलेल्या मातीचा श्वास

चूक माझी होती. ती केली तेव्हा ती चूक आहे हे मला ठाऊक असायला हवं होतं. पुढे ठाऊक झाल्यावर मी तीन महिन्यांहून जास्त गप्प बसलो. हे गप्प बसणं मूळ चुकीपेक्षा वाईट आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

शिरूरला माती-पाणी तपासणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेत मी साहाय्यक आहे. राहायला वरवंडला. रोज सकाळी मोटारसायकलनं चौफुला, न्हावरा करत शिरूर गाठायचं आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत यायचं. नोकरी कंत्राटी आहे. दर मार्चमध्ये मुदत वाढते, आणि या खेपेला वाढेल की नाही या काळजीनं फेब्रुवारीपासूनच माझं जेवणावरून लक्ष उडतं. मी मुळात भित्रा माणूस आहे. मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांना घाबरतो, सही करायला घाबरतो, फोन वाजला तरी आधी छातीत धस्स होतं. कोण आहे ते मग बघतो.

आमच्याकडे वर्षानुवर्षं नेहमीची तपासणी व्हायची. नत्र, स्फुरद, पालाश, सामू. त्यासाठी माती वाळवूनच घ्यावी लागते. शेतकऱ्यांना आम्ही जे पत्रक देतो त्यातही तेच लिहिलेलं आहे: माती सावलीत पसरून वाळवावी, ढेकळं फोडावीत, चाळून पिशवीत भरावी. मी स्वतः वीस वर्षं हेच करत आलो. ओली माती हातात आली की माझा दुसरा हात वर्तमानपत्र शोधायला लागतो.

नंतर आमच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, नवी तपासणी सुरू केली. मातीत डोळ्यांना न दिसणारे जे जीव असतात ते माणसासारखाच श्वास सोडतात. तो मोजला की माती किती जिवंत आहे याचा अंदाज येतो. करायला साधी आहे. झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत मोजून माती घ्यायची. तिच्यात एका चंचुपात्रात कॉस्टिक सोड्याचं द्रावण ठेवायचं आणि झाकण लावून टाकायचं. जीवांनी सोडलेला वायू ते द्रावण शोषून घेतं. शेजारी एक बरणी मातीशिवाय, नुसतं द्रावण घालून ठेवायची, म्हणजे बरणीतल्या हवेचा हिशेब वजा करता येतो. चोवीस तासांनी द्रावण बाहेर काढून त्यात आधी एक क्षार घालायचा, पांढरा साका खाली बसतो. मग दर्शकाचे दोन थेंब टाकले की ते गुलाबी होतं. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीतून, थेंबथेंब आम्ल सोडत गुलाबी रंग जाईपर्यंत थांबायचं. आम्ल जितकं कमी लागेल तितका मातीचा श्वास जास्त.

मला हे काम आवडायचं. त्या गुलाबी रंगाकडे बघताना मी इतर कशाला घाबरत नसे.

एप्रिलमध्ये एक बाई आमच्याकडे आल्या. केंदूरच्या अलीकडे एक वाडी आहे, तिथल्या बौद्धवस्तीतल्या. वय पन्नाशीचं. मॅडमचं भाषण त्यांनी कुठल्याशा शेतकरी मेळाव्यात ऐकलं होतं. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाल्या, “तुम्ही मातीचा श्वास मोजता म्हनं. माझी माती श्वास घेती का न्हाई, तेवढं बघा.”

त्यांचं म्हणणं असं होतं. त्यांच्या तीस गुंठ्यांच्या वर चढाला एक शेड आहे. लोखंडी सुट्या भागांवर मुलामा देण्याचं काम तिथं चालतं. जागा गावातल्या एका मोठ्या बागायतदाराची, सगळे त्यांना आबा म्हणतात. शेडचं पाणी पाइपानं ओढ्यात सोडायचं ठरलेलं होतं, पण पाइप मध्येच संपतो आणि पाणी ओघळीनं या बाईंच्या रानात उतरतं. दोन वर्षं त्या ग्रामपंचायतीत सांगत होत्या. एक मेच्या ग्रामसभेत विषय येणार होता आणि पुरावा काय, असं त्यांना विचारलं गेलं होतं. मातीतले धातू शोधायचे तर नमुना पुण्याला पाठवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून मॅडम म्हणाल्या, आधी श्वास तर बघू. वरच्या, पाणी न लागलेल्या रानातली माती तुलनेला घेऊ. पिशवीतली माती चालणार नाही, आमचा माणूस येऊन नमुना घेईल.

तो माणूस मी.

शनिवारी गेलो. ताईंना, मी त्यांना ताईच म्हणायला लागलो होतो, आधी मला काही दाखवायचं होतं. त्यांनी वाफ्यातून बाजरीचं एक धसकट, म्हणजे कापणीनंतर उरलेला बुंधा, उपटून माझ्या हातात दिलं.

“हे गेल्या खरिपाचं न्हाई दादा. त्याच्या आदल्या सालचं हाय. बघा, कुजलंय का?”

धसकट कोरडं आणि टणक होतं, कालपरवा कापल्यासारखं. त्या मातीत एकही गांडूळ दिसलं नाही, मुंग्यासुद्धा नव्हत्या. मी म्हणालो, “बघू, मशीन काय सांगतं ते.” आमच्याकडे मशीन नाही, बरण्या आहेत. पण असं म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

पाच ठिकाणची माती घेतली, एकत्र केली. वरच्या रानाचा मालक घरी नव्हता म्हणून तुलनेचा नमुना राहिला. निघताना ताई म्हणाल्या, “च्या टाकते.” मी म्हणालो, “आत्ताच झालाय.” झाला नव्हता. घाई होती म्हणून तसं म्हणालो की त्या वस्तीतल्या घरी म्हणून म्हणालो, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. ते मला नीट देता येत नाही, आणि देता येत नाही यातच बरंचसं आलं.

वरवंडला घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. पिशवीला आतून घाम आला होता. मी काहीही विचार न करता गच्चीवर गेलो, वर्तमानपत्र अंथरलं, माती पसरली, कडेला चार दगड ठेवले. रविवारी दिवसभर ती एप्रिलच्या उन्हात होती. संध्याकाळी बायको कपडे काढायला गेली आणि खाली येऊन म्हणाली, “तुमची ती माती चुलीवरच्या तव्यासारखी तापलीय.” मी म्हणालो, “चांगलं झालं.”

सोमवारी मुद्दाम वाकडी वाट करून वरच्या रानातली माती घेतली आणि तशीच ओलसर प्रयोगशाळेत नेली. ताईंच्या वाळलेल्या मातीत ठरल्याप्रमाणे पाणी घालून दोन्हींची ओल सारखी केली आणि बरण्या लावल्या. मॅडम तीन दिवस पुण्याला होत्या.

मंगळवारी ताईंच्या बरणीतलं द्रावण काढलं. चार थेंबांत गुलाबी रंग गेला म्हणावं इतकं कमी आम्ल लागलं. म्हणजे श्वास प्रचंड. वरच्या चांगल्या रानाच्या कितीतरी पट. मला आश्चर्य वाटलं, पण खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. आबांच्या विरोधात जाईल असा कागद माझ्या हातून निघणार नव्हता.

नियमाप्रमाणे द्रावण बदलून पुन्हा ठेवलं. गुरुवारी दुसरा आकडा घेतला. ताईंच्या मातीचा श्वास जवळजवळ रिकाम्या बरणीइतकाच आला.  मी झाकणाचं रबर दाबून बघितलं आणि स्वतःला सांगितलं, रबर सैल आहे, वायू निसटला. रबर सैल नव्हतं. तो आकडा मी रजिस्टरमध्ये लिहिला नाही. अहवाल पहिल्या दिवसाच्या आकड्यावर गेला. मॅडमनी विचारलं, “नमुने नीट हाताळलेत ना?” मी हो म्हणालो आणि त्यांनी सही केली.

एक मेला ग्रामसभेत अहवाल समजावून सांगायला मलाच पाठवलं. सभेआधी आबांच्या ओसरीवर चहा घेतला. तो मी नाकारला नाही.

सभा शाळेच्या आवारात लिंबाखाली होती. मी कागदावरून वाचलं: तक्रारदारांच्या जमिनीतील सूक्ष्मजीवांची क्रियाशीलता चांगली आहे. कुणीतरी म्हणालं, “म्हंजी काय ते मराठीत सांगा.” मी म्हणालो, “जमीन जिवंत आहे. वरच्या रानापेक्षा जास्त.”

आबा खुर्चीतून हसले. “घ्या. म्हंजी आमची समद्यांचीच मेलेली निघाली.”

मागून एकजण ओरडला, “आबा, मग शेडचं पाणी हिकडं आमच्याकडं बी वळवा की. आमचं रान बी जित्तं होऊ द्या.” सगळे हसले.

आबांनी आवाज न वाढवता ताईंना विचारलं, “आता शास्त्रानंच सांगितलं. पटलं का? का अजून दुसरं काय काढायचंय तुमच्या वस्तीला?”

ताई उभ्या राहिल्या. आबांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, “साहेब, मग ती धसकटं का कुजली न्हाईत?”

माती घेतली त्या शनिवारी मी दादा होतो. आता साहेब झालो होतो.

मी म्हणालो, “ओल कमी पडली असेल.”

पाइपाचा विषय तिथंच संपला. तक्रारीत तथ्य नाही असा ठराव लिहिला गेला.

जूनमध्ये खरं काय ते कळलं. मॅडमनी आमच्या प्रात्यक्षिक प्लॉटमधली माती तपासायला दिली होती. थोडी फ्रीजमध्ये ठेवली होती, उरलेली एका ट्रेमध्ये विसरून राहिली आणि रविवार धरून पार वाळली. परत प्लॉटवर जायचा कंटाळा म्हणून मी तीच वाळलेली ओली करून फ्रीजमधल्या मातीशेजारी बरणीत लावली. एकच माती, दोन बरण्या. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधल्या मातीला भरपूर आम्ल लागलं. वाळलेल्या मातीचा गुलाबी रंग बघता बघता गेला, ताईंच्या बरणीत गेला होता तसाच.

मॅडम मागून जात होत्या. सहज म्हणाल्या, “ही वाळलेली होती ना? मग पहिल्या दिवसाचा आकडा धरायचा नसतो. वाळताना निम्मे जीव मरतात. पाणी पडलं की उरलेले त्या मेलेल्यांवर तुटून पडतात आणि एकदम भसाभसा श्वास सोडतात. मरायला टेकलेली मातीसुद्धा. दोन दिवसांनी सगळं थंड. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं मी.”

“हो मॅडम,” मी म्हणालो.

त्या गेल्यावर मी माझी वही काढली. ट्रेनिंगच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: माती ताजी, ओलसर घ्यावी. वाळवू नये. वाळलीच तर ओली करून आठवडाभर ठेवावी, मगच मोजावी. शब्दांखाली रेघसुद्धा मारली होती.

त्या दिवसापासून मला जी भीती लागली तिचं वर्णन करणं अवघड आहे, कारण बाहेरून काहीच घडत नव्हतं. मी रोज कामावर जात होतो, डबा खात होतो. पण मॅडमनी रजिस्टरचं पान उलटलं की माझी मोजणी चुकायची. गुरुवारचा आकडा जिथं यायला हवा होता तो रकाना कोरा होता. तो मी भरूनही टाकू शकत नव्हतो, शाईचा फरक दिसला असता. एकदा शिरूरच्या एसटी स्टँडवर ताईंसारखं लुगडं दिसलं, तर मी रसवंतीच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्या कुणी दुसऱ्याच बाई होत्या. तरी त्यांची गाडी लागेपर्यंत मी बाहेर आलो नाही.

जुलैत त्यांचा फोन आला. “दादा, पावसाचं आन् शेडचं पाणी एकच झालंय. रानात हिरवट तवंग दिसतोय. परत एकदा माती बघता का?” त्यांनी मला पुन्हा दादा म्हटलं याचंच मला जास्त भय वाटलं. मी म्हणालो, “मॅडम रजेवर आहेत.” मॅडम समोरच्या टेबलावर चष्मा पुसत होत्या.

त्याच आठवड्यात आबांचाही फोन आला. “तुमच्यामुळं गावातली कटकट मिटली बघा. मार्चला तुमचं ते कंत्राटाचं असतंय ना? समितीवर आपला पाव्हणा हाय. काय लागलं तर सांगा.”  मी कुणाकडून काही घेतलं नव्हतं. पण घेतलेल्या माणसाला जे ऐकवतात ते मला ऐकवलं गेलं होतं, आणि मी “बरं आबा” म्हणालो होतो.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत जाऊन सांगायचं असं ठरवलं. इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. यवतला हॉटेलात थांबलो, मिसळ मागवली, ती गार झाली. लोक काय म्हणतील, मॅडम काय म्हणतील, मार्चमध्ये काय होईल, पोरीच्या कॉलेजचं काय, हे सगळं एकामागून एक येत राहिलं. सभेची वेळ टळून गेल्यावर गाडी वळवली. घरी बायकोनं विचारलं, झेंडावंदन कसं झालं. मी म्हणालो, चांगलं झालं.

सप्टेंबरच्या मध्यावर एका सकाळी ताई स्वतः प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. भांडायला आल्या नव्हत्या. तालुक्याला काही काम होतं, जाता जाता डोकावल्या होत्या. म्हणाल्या, “एकच इचारायचं हुतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून त्या रानात दोन वाफं मेथी टाकली. घरात सून पोटुशी हाय, पाचवा चाललाय. तिला मेथी लई आवडती. खायला हरकत न्हाई ना?”

हातातला ब्युरेट मी स्टँडला लावला. 

“खाऊ नका,” मी म्हणालो.

“का?”

मी बरणीचं झाकण उगाच फिरवत राहिलो.

“का दादा? तुम्हीच सांगितलं ना, जमीन जित्ती हाय.”

“किती दिवस खाताय?”

“दोनदा झाली भाजी.” त्यांचा चेहरा बदलत गेला. “काय झालंय? नीट सांगा.”

मॅडम आपल्या टेबलावरून उठून आल्या होत्या. मी त्या दोघींसमोर सांगितलं. गच्ची, वर्तमानपत्र, पहिल्या दिवसाचा आकडा, न लिहिलेला आकडा, रबर. जूनमध्ये मला कळलं होतं, हेही.  माझं संपल्यावर मॅडमनी ताईंना खुर्ची दिली, सुनेला आजच डॉक्टरांना दाखवा, सगळं सांगा, असं म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता गाडीची किल्ली घेतली.

त्याच दिवशी आम्ही रानात गेलो. या वेळी माती बर्फाच्या पेटीतून आणली, वरच्या रानातलीही तशीच. एक भाग धातूंच्या तपासणीला पुण्याला गेला, त्याचा निकाल अजून यायचा आहे. बरण्या मॅडमनी स्वतः लावल्या, मला फक्त धुवायला दिल्या. आठवडाभर दर वेळी आम्लाचा आकडा मोठ्यानं वाचायचं काम मात्र माझ्याकडे होतं. वरचं रान व्यवस्थित श्वास घेत होतं. ताईंच्या मातीचा आकडा रिकाम्या बरणीच्या आकड्याला चिकटून होता. पहिल्या दिवशीही आणि शेवटच्याही.

दुरुस्त अहवाल घेऊन मी एकटाच वाडीवर गेलो. सून दारात बसली होती. डॉक्टरांनी सध्या काही काळजीचं दिसत नाही म्हटलं होतं, पण लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तिच्याकडे मला मान वर करून बघता आलं नाही. ताईंनी कागद घेतला, घडी उघडली नाही. मी माफी मागायला लागलो तसा त्यांनी हात वर केला.

“मला कशाला सांगता? मला तर आधीच ठाव हुतं. माझ्याच रानातलं मला कळंना व्हय? तुम्ही चारचौघांत वाचलं, लोक मला हसलं. जिथं वाचलं तिथं सांगा.”

“दोन ऑक्टोबरला सभा आहे,” मी म्हणालो.

“हाय ना. या मग.”

दोन ऑक्टोबरला मी यवतला थांबलो नाही. मॅडम बरोबर येते म्हणाल्या होत्या, मी नको म्हणालो. शाळेच्या आवारात तीच माणसं होती. आबा पुढच्या खुर्चीत होते. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची हातानं पुसली. मी उभाच राहिलो. लिंबाच्या बुंध्याला एक हात लावला. ताई मागे बायकांत बसल्या होत्या. सरपंचांनी विचारलं, कोणत्या विषयावर बोलायचंय. मी म्हणालो, मेमधल्या ठरावावर.

आबा म्हणाले, “ते झालंय की. उकरून काय काढताय?”

“झालं ते माझ्यामुळं चुकीचं झालं आबा,” मी म्हणालो.  मग मी आबांकडून मान वळवली आणि बायकांच्या रांगेकडे बघून बोललो.

“एक मेला मी इथं उभं राहून सांगितलं की ताईंची जमीन जिवंत आहे. ते खोटं होतं. ती माती मी उन्हात वाळवली. तशी माती पाणी घातलं की एक दिवस धापा टाकते, तो मी तिचा श्वास म्हणून वाचून दाखवला. दोन दिवसांनी ती गप्प झाली, ते मी बघितलं आणि कागदावर घेतलं नाही. जूनमध्ये चूक कळली, तरी मी भीतीनं आलो नाही. तेवढ्यात सगळा पावसाळा यांच्या रानातून गेला, आणि माझ्या शब्दावर यांच्या घरात त्या रानातली भाजी खाल्ली गेली. हा नवा अहवाल आहे. त्या रानातली माती श्वास घेत नाही. जुना कागद मी मागे घेतो, त्यावर केलेला ठराव तुम्ही मागे घ्या. ताई, धसकटं का कुजली नाहीत असं तुम्ही मला विचारलंत तेव्हा तुमचं बरोबर होतं, आणि मी लोकांना तुमच्यावर हसू दिलं. तुमची, तुमच्या सुनेची मी माफी मागतो.”